ज्या गाण्यात शेषराव मेले

पंजाबराव आणि पार्टीचा गाण्याचा कार्यक्रम कुठंही असो, पुढच्या सतरंजीच्या उजव्या कोपऱ्यात एक बाई ठरलेली. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत भाकर आणि मिरचीचा ठेचा, आणि तोंड गाणाऱ्यांकडं नाही तर मागं, बसलेल्या माणसांकडं. ती एकेक चेहरा बघत जायची, शेवटच्या रांगेपर्यंत पोचली की पुन्हा पहिल्यापासून. टाळी तिनं कधी वाजवली नाही. कार्यक्रम संपत आला की ती उठायची, पंजाबरावांसमोर उभी राहायची आणि म्हणायची, "ते गानं म्हना ना."

पार्टीतली माणसं तिला बिचकून असत. पेटीवाला कारभारी तर तिला लांबून बघितली की पेटीचा भाता उगाच तपासायला लागायचा. बाई भांडत नव्हती, शिव्या देत नव्हती. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडणाला उत्तर देता येतं. ती नुसती मागायची, आणि जो देणं लागतो त्यालाच ते मागणं कळतं.

ही चिखली तालुक्यातल्या उंद्रीची गोजरबाई. आणि तिला हवं होतं ते गाणं पार्टीचं अगदी सुरुवातीचं, एक पेटी आणि मागून आणलेली ढोलकी एवढ्यावर पार्टी चालायची तेव्हाचं. आता एकोणीसशे सहासष्ट साल उजाडलं होतं. पार्टीकडं लाऊडस्पीकर होता, बाबासाहेबांची जोशातली गाणी होती, लग्नातली गमतीची गाणी होती. आठ-आठ दिवस आधी गावोगाव नाव पुकारलं जायचं. त्यात हे रडकं गाणं कोण ऐकणार? नव्या पोरांना तर असं काही गाणं होतं हेही ठाऊक नव्हतं.

पण त्या गाण्याआधी अर्जुन सांगायला हवा.

अर्जुन हा गोजरबाई आणि शेषराव यांचा एकुलता एक. शेषरावांकडं दोन एकर मुरमाड जमीन आणि उरलेले दिवस दुसऱ्याच्या शेतात. त्यांना स्वतःला सही येत नव्हती. छप्पन साली धम्म घेतला त्या दिवसापासून माणसानं एकच डोक्यात घेतलं होतं, पोरगा मास्तर होणार. शेषराव बोलायला कमी आणि हट्टाला पक्के. पोराच्या शाईची दौत ते स्वतः धुवून उन्हात वाळवत, बायकोला हात लावू देत नसत.

साठ साली अर्जुन सातवीच्या फायनलला बसायचा होता. परीक्षा चिखलीला. आदल्या दिवशी तो गावातून निघाला तो परीक्षेलाच, असं घरच्यांनी धरलं. वाटेत अमडापुरात पंजाबरावांच्या पार्टीचा कार्यक्रम होता आणि ढोलकीवाला तापानं पडला होता. पंजाबरावांनी पोराला थांबवून घेतलं. म्हणाले, एवढं वाजव, सकाळच्या गाडीनं जाशील. पोराचे हात ढोलकीवर असे बसायचे, की ऐकणाऱ्याचं जेवण राहून जावं. तो थांबला. वाजवलं. आणि सकाळी गाढ झोपून राहिला. पार्टीतली सगळीच झोपली होती, उठवणार कोण?

इकडं शेषराव पहाटेच ताज्या भाकरी फडक्यात बांधून पायी चिखलीला गेले. परीक्षेच्या शाळेच्या फाटकाबाहेर बसले. दुपारी पोरं बाहेर पडली. शेषरावांनी सगळी पोरं बघितली, मग रिकामी शाळा बघितली, मग शिपायानं फाटक लावलं. भाकरी तशाच परत आल्या.

संध्याकाळी वस्तीतल्या पिंपळाखाली दहा-वीस माणसं बसली होती. अर्जुन खाली मान घालून आला. शेषराव उठले आणि सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडात मारली. मारलं ते काही फार नव्हतं. पण बोलले ते फार होतं.

"मी मेलो तरी तोंड दाखवू नको मले."

गोजरबाई दारातच उभी होती. तिला वाटलं, राग आहे, उद्या उतरेल. उद्या उठून बघते तो पोराचं अंथरूण घडी घालून ठेवलेलं आणि पोरगा नाही. पोरगा कधी घडी घालायचा नाही. त्या घडीवरून तिला कळलं की हा साधा रुसवा नाही.

एक मे आला. महाराष्ट्र झाला म्हणून शाळेत पोरांना पेढे वाटले. गोजरबाई शाळेच्या कुडाबाहेर उभी राहून पोरं बघत होती. उगाच. तिलाही ठाऊक होतं उगाच, पण पाय गेले. तिथून तिला ती सवय लागली, माणसांचा घोळका दिसला की चेहरे बघायचे. मेहकरकडं एका विहिरीत कोणाचं तरी प्रेत निघालं असं कळलं, तर ही भाकर बांधून चालत गेली. तिथं पोलीस पाटलानं चादर वर केली. दुसऱ्याच कोणाचा तरी पोरगा होता. घरी येताना ती रस्त्याच्या कडेला बसून रडली, तो आपला नव्हता म्हणून, आणि तो कोणाचा तरी होता म्हणूनही.

घरात शेषराव पोराचं नाव घेत नव्हते आणि घेऊ देत नव्हते. दोघं समोरासमोर बसून जेवायची आणि मधे नुसता भाकर मोडल्याचा आवाज.

वर्षभरानं पंजाबराव दारात आले. आत यायची हिंमत नव्हती, अंगणातल्या शेवग्याच्या झाडाला टेकून उभे राहिले. शेषराव शेतात आहेत हे बघूनच आले होते.

"वयनी, म्या थांबवलं होतं त्याले. मले रातची झोप येत नाई."

"मले बी येत नाई," गोजरबाई म्हणाली. "काय करता मंग?"

"आपल्याजवळ फोटो नाई, पेपरात देता येत नाई. पन गानं हाय. आमी गावोगाव फिरतो. तुमच्या घराचं गानं करू. नाव नाई घ्यायचं, खूण सांगायची. जिथं असन तिथं त्याच्या कानावर जाईन."

गोजरबाईला ते पटलं. इतकं पटलं की वर्षात पहिल्यांदा तिला भूक लागली. आणि तिनं स्वतःचं एक डोकं लावलं. अर्जुन ढोरं वळायला जायचा तेव्हा एकच शीळ घालायचा, चढत जाऊन मधेच तुटणारी. ती चाल घ्या, म्हणाली, म्हणजे शब्द कळले नाहीत तरी चाल ओळखेल. आता शीळ म्हणून कशी दाखवायची? बाईमाणसानं शीळ घालायची कशी? तिनं पदर तोंडावर धरला, भिंतीकडं तोंड केलं आणि गुणगुणून दाखवली. पंजाबरावांनी ती ध्यानात ठेवून नेली, कारभारीनं पेटीवर धरली. पंजाबरावांनी शब्द बसवले.

उंद्रीच्या वाटेनं शेवगा दारी,
एकली बसली माय बिचारी,
येनारा येईना, जानारा गेला,
सांजचा दिवा मी कोनाले लावला?

बुद्धजयंतीला ते पहिल्यांदा गावातच म्हटलं गेलं. शेषराव मधूनच उठले, बैलाला पाणी दाखवतो म्हणाले आणि गेले. बैलाला पाणी आधीच दाखवलेलं होतं.

मग गाणं बाहेरगावी गेलं आणि तिथं पडलं. लोक ऐकायचे, बरं म्हणायचे आणि पुढच्या गाण्याची वाट बघायचे. महिनाभरानं पंजाबराव पुन्हा शेवग्याखाली आले. या खेपेला त्यांना घाम फुटला होता.

"वयनी, लोकं रडून नाई राह्यले. अन् रडले नाई तं ध्यानात ठेवत नाई, ध्यानात ठेवलं नाई तं पुढं सांगत नाई. एक कडवं वाढवलं पायजे."

"वाढवा की मंग."

"त्यात बाप मारा लागते."

गोजरबाईनं मागं वळून दारातून आत बघितलं. घरात खाटेवर तिचा जिवंत नवरा घोरत होता. दुपारची वेळ, डोक्याखाली हात, जसा रोज झोपायचा तसा. आणि अंगणात एक भला माणूस त्याला मारायची परवानगी मागत होता. तिनं हो म्हणायला नको होतं. मी तिच्या जागी असतो तर नाही म्हटलं असतं, असं सांगणं सोपं आहे, माझा अर्जुन गेलेला नाही. तिनं एकच अट घातली. "उंद्रीत नाई म्हनायचं ते कडवं. यांच्या कानावर नाई आलं पायजे."

वाट पाहता बापाचे डोळे मिटले,
तुह्या नावाचे बोल ओठांत आटले.

आणि लोक रडले. मेहकरला रडले, लोणारला रडले, देऊळगाव राजाला तर बायांनी ते कडवं दोनदा म्हणायला लावलं. गाणं तोंडातोंडी निघालं. पण त्या दिवसापासून शेषराव खोकले की गोजरबाई दचकायची. हिवाळ्यात त्यांना ताप आला की तिला वाटायचं, आज कुठल्या तरी गावात म्हटलं असेल. ती आल्याचा काढा करून त्यांच्या पुढं धरायची, अंगावर दोन-दोन गोधड्या घालायची.

"काऊन वं?" शेषराव म्हणायचे. "एवढी जपून काऊन राह्यली मले? मी काय मरून राह्यलो?"

ती चुलीपाशी जाऊन लाकडं उगाच मागंपुढं करायची.

त्यात दुसराच घोर निघाला. ती बहिणीकडं मेहकर तालुक्यात गेली असता तिथल्या बाया शेतात निंदताना तेच गाणं म्हणत होत्या, पण "मेहकरच्या वाटेनं शेवगा दारी" असं. गोजरबाई बांधावरून धावत गेली. "अवं, उंद्री हाय ते, उंद्री म्हना!" बाया हसल्या. गाणं आपल्या तोंडात आलं की त्यात आपलं गाव घालायचं ही तर आपली जुनी रीतच. त्यात चुकलं काय? लोणारवाले लोणार म्हणत, चिखलीवाले चिखली. गाणं जेवढं लांब जाई तेवढी त्यातली उंद्री गळून पडे. तिच्या घराचा पत्ता तिच्याच गाण्यातून पुसला गेला आणि बाप तेवढा मेलेला राहिला, तो कोणी बदलला नाही.

पुढं पार्टीचं नाव झालं आणि पार्टीनं गाणं सोडलं. आता फक्त पार्टीच काय ती खरं गाव घेऊन म्हणू शकत होती, म्हणून गोजरबाई तिच्या मागं फिरायची. तीन-चार वर्षं फिरली. हातापाया पडली की पंजाबराव कधी तरी म्हणत, बहुतेक वेळा नाही.

त्या साली, सहासष्टच्या आश्विनात, देऊळगाव राजाला बालाजीची यात्रा भरली. यात्रेचा माणूस जालन्याकडूनही येतो, खानदेशातूनही येतो. पंजाबरावांच्या पार्टीचा तिथल्या वस्तीत दुपारचा कार्यक्रम ठरला होता. गोजरबाईनं पंधरा दिवस आधी त्यांच्याकडून शब्द घेतला होता. चेहरे बघता बघता तिची मान दुखून आली. कार्यक्रम रंगला. लोकांनी एकेक जोशाचं गाणं पुन्हा पुन्हा मागून घेतलं, ऊन उतरलं, पार्टीला पुढं दुसरं गाव होतं. कारभारीनं पेटी बंद केली.

गोजरबाई उभी राहिली, पण "म्हना ना" असं म्हणाली नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज चढला.

"पंजाबभाऊ, तुमी माह्या नवऱ्याले मारलं गावोगाव. अन् माहं पोरगं बी आनलं नाई."

लोक बघायला लागले. एवढे मोठे गाणारे पंजाबराव गळ्यातला रुमाल काढून घडी घालत बसले. गोजरबाई पिशवी उचलून एसटी स्टँडवर आली. भाकर तशीच होती. तिला वाटलं, बास झालं. आता फिरायचं नाही, घरी बसायचं, जिवंत आहे तेवढ्या माणसाला काढा द्यायचा.

स्टँडवर तिच्या शेजारी एक पोक्त बाई नातीला मांडीवर घेऊन बसली होती. पोर किरकिर करत होती. बाई तिला थोपटत गुणगुणायला लागली.

"देऊळगावच्या वाटेनं शेवगा दारी..."

गोजरबाईला आता राग यायचाही कंटाळा आला होता. तरी तोंडातून निघालंच. "उंद्री हाय ते."

"काय म्हनता, बाई?"

"तिथं देऊळगाव नाई, उंद्री हाय."

"असंल बाई," ती बाई भाबडेपणानं म्हणाली. तिचं नाव रुखमाबाई, देऊळगावचीच, हंगामात जालन्याच्या कापसाच्या जिनात सरकी निवडायला जाणारी. "ज्याच्यापासून शिकले तो गावाचं नावच घेत नाई. तिथं आला की नुसतं गुणगुणतो अन् पुढं जातो. मला मोकळं मोकळं वाटायलं म्हणून मी आपलं देऊळगाव घातलं."

गोजरबाईच्या हातातली पिशवी खाली पडली. "कोन तो?"

"आहे एक हमाल, विशीतला. कपाशीचे बोरे वाहतो. फार बोलत नाही."

"डब्बा वाजवते का तो? हाती काई लागलं तं?"

रुखमाबाई हसली. "वाजवतो? अहो, जेवायच्या सुट्टीत हौदाचं पिंप वाजवतो तर बाया जेवायच्या थांबतात."

गोजरबाई बाकावरून खाली जमिनीवर बसली. जिवंत आहे. एवढं एकच तिला कळलं आणि ती दोन्ही हातांनी तोंड दाबून हुंदके द्यायला लागली. रुखमाबाई घाबरली, पाणी आणलं. मग हळूहळू दुसरी गोष्ट गोजरबाईच्या ध्यानात आली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. त्यानं गाणं ऐकलं आहे. उंद्री ऐकलं आहे, शेवगा ऐकला आहे, स्वतःची शीळ ओळखली आहे. आणि तरी आला नाही. सगळी माणसं त्या जागी आपलं गाव घालतात आणि हा एकटा, ज्याचं ते खरंच गाव, तो ती जागा रिकामी सोडतो.

"घरी काऊन जात नाई तो?" तिनं विचारलं. "कधी बोलला?"

"एकदा मी विचारलं होतं. म्हणाला, ज्यानं तोंड दाखवू नको म्हटलं तो माणूस आता राहिला नाही. गाण्यातच आहे ते. आता माफी कोणाला मागू, अन् कोणत्या तोंडानं जाऊ? मायसमोर उभं राहिलो तर ती मला बघून त्यालाच आठवंल, म्हणाला."

उंद्रीची गाडी आली आणि गेली. गोजरबाई बसून होती. जे कडवं तिनं पोराला ओढून आणायला घातलं, त्यानंच दाराला बाहेरून कडी लावली होती. पंजाबरावांना दोष द्यायला गेलं तर हो कोणी म्हटलं होतं? तिनंच, दुपारी, नवरा आत घोरत असताना.

रुखमाबाईनं सांगितलं, जीन दिवाळी झाल्यावर सुरू होईल, हमाल तेव्हाच येतात. सगळे येतात असं नाही, काही दुसरीकडं जातात. म्हणजे अजून महिना. आणि त्या महिन्यात गोजरबाईला एक काम करायचं होतं, जे सहा वर्षं फिरण्यापेक्षा अवघड होतं. शेषरावांना सांगायचं होतं.

ती रोज ठरवायची. पाणी देताना सांगू, जेवताना सांगू. एकटीनं जावं म्हटलं तर पोरगा विश्वास ठेवेल का? माय समजूत घालायला आली असंच म्हणेल. बाप आहे हे बापानंच दाखवायला हवं होतं. आणि बापाला कसं सांगायचं की तुम्हाला मी मारलं? त्यात हवा बदलली आणि शेषरावांना ताप भरला. आठ दिवस उतरला नाही. गोजरबाई त्यांच्या उशाशी बसून होती आणि तिच्या मनात भलतंसलतं येत होतं, की आता ते कडवं खरं होणार, न सांगताच खरं होणार, आणि मग पोराला खोटं काय सांगू? तिला धड रडताही येईना, कारण रडलं तर ते डोळे उघडून विचारतील काय झालं.

ताप उतरला. दिवाळी होऊन गेली. एका दुपारी शेषराव शेवग्याखाली बसून अंबाडीचा दोर वळत होते. गोजरबाई समोर येऊन बसली आणि जमिनीकडं बघत एका दमात सगळं बोलली. गाणं, कडवं, शेवगा, पंजाबराव, मेहकर, लोणार, रुखमाबाई, जीन. अर्जुनचं नाव सहा वर्षांत पहिल्यांदा त्या अंगणात घेतलं गेलं.

शेषरावांच्या हातातला दोर थांबला होता.

"किती गावांत मेलो मी?"

"मोजलं नाई मीनं."

"तरी?"

"मेहकर, लोणार, देऊळगाव... समदीकडंच म्हना."

"तरीच," शेषराव म्हणाले. "मेहकरच्या बाजारात कारभारी भेटला होता. मले पाहून त्याचा सोबती म्हने, हेच का ते उंद्रीचे, मंग हे जिते कसे? कारभारीनं त्याले वढत नेलं. मले वाटलं दारू पेला असंन." त्यांनी दोराचा पीळ चाचपला. "रडलं कोन?"

"बाया लय रडल्या."

शेषरावांनी मान हलवली. त्यांना ते आवडलं की नाही हे कळायला मार्ग नव्हता. मग एकदम त्यांचा आवाज फुटला. "सहा वर्स झाले, मी रोज संध्याकाळी फाट्याकडं तोंड करून बसतो. त्यो येईन अन् मी बोलनार नाई त्याच्यासंग, असं ठरवून ठेवलं होतं म्या. चार दिवस नाई बोलनार. मंग बोलीन. त्यो येईच ना वं. मी न बोलू कोनासंग?"

गोजरबाईनं आयुष्यात नवऱ्याला रडताना पाहिलं नव्हतं. ती जवळ सरकली, पण हात लावायचा धीर झाला नाही. शेषरावांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं, दोर गुंडाळून खांबाला अडकवला आणि विचारलं, "जालन्याची गाडी किती वाजता हाय?"

दुसऱ्या दिवशी चिखलीला गाडी बदलून ती दोघं देऊळगावला आली, रात्री रुखमाबाईकडं राहिली आणि सकाळी तिच्याबरोबर जालन्याला गेली. वाटेत गोजरबाईनं तीनदा विचारलं, यंदा तो आला असंल का? रुखमाबाई तिन्ही वेळा म्हणाली, बघू. शेषराव खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी डोक्याला धुतलेलं पागोटं बांधलं होतं आणि मांडीवर फडक्यात भाकरी होत्या. पहाटे उठून त्यांनी स्वतः रुखमाबाईच्या चुलीवर करायला लावल्या होत्या. गोजरबाईनं ते फडकं ओळखलं, चिखलीहून परत आलेल्या भाकरींचंच ते होतं. माणसानं ते कुठं ठेवलं होतं इतकी वर्षं, तिला ठाऊक नव्हतं.

जिनाच्या आवारात रुई उडत होती. यंत्रांचा आवाज एवढा की शेजारचं माणूस बोललं तर नुसते ओठ हलताना दिसायचे. रुखमाबाईनं दोघांना भिंतीच्या सावलीला उभं केलं आणि ती आत गेली. हमाल बोरे घेऊन जात-येत होते, डोक्यापासून पायापर्यंत पांढरे, सगळे सारखेच दिसत होते. गोजरबाईनं एकेक चेहरा बघितला. एवढी वर्षं तेच केलं होतं, आणि आता नेमकं तिच्या डोळ्यांना दिसेना.

जेवायचा भोंगा झाला. यंत्रं थांबली. हौदापाशी माणसं हातपाय धुवायला आली आणि पांगली. एक जण मात्र तिथंच, यांच्याकडं पाठ करून, उपड्या पिंपाजवळ बसून राहिला. खांदे रुंद झाले होते. गोजरबाईला ती पाठ ओळखू येईना. मग त्याच्या बोटांनी पिंपावर ठेका धरला आणि तिनं शेषरावांचा हात घट्ट पकडला.

तो गायला लागला. मोठ्यानं नाही, आपल्यापुरता. पहिला शब्द घ्यायची जागा आली तसं त्यानं तोंड मिटलं आणि नुसतं गुणगुणला.

"उंद्री," शेषराव म्हणाले.

गाता गळा नव्हता तो, शेतातून बैलाला हाक मारायचा आवाज. पिंपावरची बोटं थांबली. पोरगा वळला नाही. त्याची मान आखडली, खांदे वर चढले, जणू पुन्हा मार बसणार आहे. गोजरबाईला वाटलं, हा आता उठून पळणार. तिनं हाक मारायला तोंड उघडलं, पण शेषराव पुढं गेले होते. हौदापासून चार पावलांवर ते उभे राहिले. भाकरीचं फडकं दोन्ही हातांत पुढं धरलेलं.

"मेलो नाई बे अजून," ते म्हणाले. "तोंड दाखव."